ब्राउझरमधला वकील

ब्राउझरमध्ये बसवलेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक समोरचे पान वाचतो, त्याचा सारांश सांगतो, अर्ज भरतो आणि सांगितले तर तिकीटही काढून देतो. पर्प्लेक्सिटीचा कॉमेट जुलै २०२५ मध्ये आला, ओपनएआयचा ॲटलास त्याच वर्षी ऑक्टोबरात. एजमध्ये कोपायलट आणि क्रोममध्ये जेमिनी आहेच. काही छोटी कामे यंत्रावरच उरकतात. फायरफॉक्समधले भाषांतर तसे आहे. पण बहुतेक वेळा पानावरचा मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि उत्तर तिथून येते. जाहिरातवाल्या कुकीला माणूस कोणत्या पानावर गेला एवढे कळत असे. सहायकाला त्या पानावर काय लिहिले आहे तेच कळते, आणि लॉगिन केल्यानंतरचे पानही त्याला बंद नसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील आणि इटलीतील रेजिओ कालाब्रियाच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ साली असे सहायक तपासले, तेव्हा काहींनी बँकेचा आणि आरोग्याचा तपशीलही बाहेर पाठवल्याचे दिसले.

या सोयीला नैतिक बाजू आहे, आणि ती संयुक्त अरब अमिरातीत विशेष ठळकपणे दिसते. जगातला पहिला कृत्रिम बुद्धिमत्ता मंत्री याच देशाने २०१७ साली नेमला. त्याच देशात घराचा आडोसा ही धर्माने घालून दिलेली गोष्ट आहे. दुबईतल्या अल् फहीदी वस्तीतली जुनी घरे पाहावीत: रस्त्याकडे उंच, जवळजवळ कोऱ्या भिंती, दारातून आत डोकावले तरी चौक नजरेला पडत नाही, कारण वाट वळून जाते. पाहुण्यांची बैठक, म्हणजे मजलिस, दाराजवळ आणि कुटुंबाचा वावर पलीकडे. मराठी वाड्यातल्या ओसरीचा आणि माजघराचा भेद ज्याला ठाऊक आहे, त्याला ही रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आज त्या शहरात राहणाऱ्या पुष्कळांना माजघर नाही. एका खोलीत पाच-सहा खाटा, मध्ये पडदे. तिथल्या बोलीत याला ‘बेड स्पेस’ म्हणतात. अशा ठिकाणी राहून सांगलीला किंवा रत्नागिरीला पैसे पाठवणाऱ्या माणसाची एकांताची जागा म्हणजे हातातला फोन. व्हिसाचे कागद, पगार, दवाखान्याचा अहवाल, बायकोचे पत्र हे सगळे त्याच्या ब्राउझरमध्ये असते. त्याच्या बाबतीत ब्राउझर म्हणजे घराची शेवटची खोली.

अशा खोलीत कोणी डोकावावे का, या विचाराचा पाया इस्लामी परंपरेने फार पूर्वी घातला आहे. कुराणाच्या ४९व्या सूरेचे नाव ‘अल्-हुजुरात’, म्हणजे ‘दालने’. तिच्या बाराव्या आयतीत इतरांच्या गोष्टी हुडकत फिरण्यास, म्हणजे ‘तजस्सुस’ला, मनाई आहे. २४व्या सूरेत परक्या घरात परवानगी आणि सलाम यांवाचून जाऊ नये असा नियम आहे. परवानगी मागायची ती नजरेसाठीच, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, येते. म्हणजे पाय उंबऱ्याबाहेर असला तरी डोळा आत गेला की मर्यादा मोडली. खलिफा उमर यांच्याबद्दल एक कथा सांगितली जाते. ते भिंत चढून एका घरात उतरले आणि आतल्या माणसाला पाप करताना पकडले. त्या माणसाने उलट म्हटले की माझ्याकडून एक आज्ञा मोडली, तुमच्याकडून तीन: हेरगिरी केलीत, दार सोडून आलात, परवानगी मागितली नाहीत. उमर यांनी त्याला सोडून दिले. धर्मपंडित अल्-गझालींनी (मृत्यू ११११) ‘इह्या उलूम अद्-दीन’मध्ये याच अंगाने मत मांडले, की दार लावून जे झाकले गेले त्याचा शोध घेण्याचा अधिकार नीतिरक्षकालाही नाही. हेतू चांगला असल्याने हेरगिरी शुद्ध होत नाही, हा त्यातला मुद्दा सहायकाला थेट लागू पडतो. मदत करण्याचा त्याचा दावा खरा असला तरी.

यावर एक आक्षेप येतो. यंत्राला कुतूहल नाही, लाज नाही, चहाडी करण्याची हौस नाही. मग त्याचे वाचणे पाहणे कसे ठरेल? असा निर्विकार पाहणारा भारतीय विचाराला परका नाही. मुंडकोपनिषदात एकाच झाडावरच्या दोन पक्ष्यांचे रूपक आहे. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. अद्वैत वेदान्ताने याच धर्तीवर ‘साक्षी’ची कल्पना विकसित केली. त्या साक्षीपासून कोणी काही लपवत नाही, कारण तो काही साठवत नाही, कशाचा वापर करत नाही आणि कोणाला काही कळवत नाही. ब्राउझरमधला सहायक यांतल्या कोणत्याच कसोटीला उतरत नाही. ॲटलासमध्ये पाहिलेल्या पानांच्या आठवणी ठेवण्याची सोय आहे, ती वापरणाऱ्याच्या मर्जीवर असली तरी. साठवलेले पुढे कामाला येते, आणि एखाद्या देशाच्या न्यायालयाने मागितले तर बाहेरही पडू शकते. चित्रगुप्ताची वही किंवा खांद्यावर बसून कर्मे लिहिणारे दोन फरिश्ते यांच्याशीही तुलना टिकत नाही. त्या नोंदी एकाच न्यायकर्त्यापुढे उघडतात, बाजारात नाही. ईश्वर सर्व पाहतो असे मानणाऱ्या धर्मानेच माणसाला पाहत फिरण्याची बंदी केली आहे, हे इथे ध्यानात घ्यावे.

साक्षी नाही, तर मग सहायक कोण? नेमके नाव अरबीत आहे आणि मराठीतही: वकील. आज मराठीत तो शब्द कोर्टापुरता उरला, पण पेशवाईत दरबारोदरबारी राहणारा प्रतिनिधी वकीलच म्हटला जाई. इस्लामी विधिशास्त्रात ‘वकाला’ हा करार आहे. धन्याची वस्तू वकिलाच्या हाती अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, म्हणून असते, ती स्वतःच्या लाभासाठी वापरता येत नाही. या मापाने पानाच्या मजकुरावर कंपनीने आपले मॉडेल शिकवणे किंवा माणसाची आवडनिवड नोंदवून ठेवणे ही अमानतीतली अफरातफर ठरते, स्पष्ट परवानगी नसेल तर. वकील फितूर होण्याचा धोकाही नुसता कल्पनेतला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्ह या ब्राउझर-कंपनीने दाखवून दिले की वेबपानात दडवलेला मजकूर वाचून कॉमेटचा सहायक त्यालाच हुकूम समजत होता. धनी कोण हेच वकिलाला ओळखता आले नाही.

अमिरातीचा कायदा या बाबतीत मुका नाही. १९७१च्या राज्यघटनेच्या ३१व्या कलमाने टपाल, तार आणि इतर साधनांनी होणाऱ्या संदेशांची गुप्तता कायद्याच्या चौकटीत मान्य केली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा संघीय कायदा (२०२१चा ४५वा) जानेवारी २०२२ पासून अमलात आला. दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटरचा स्वतंत्र कायदा २०२०चा आहे आणि त्यात २०२३ साली स्वयंचलित यंत्रणांसाठी खास नियम जोडला गेला. पण या कायद्यांचा भर मुख्यतः संमतीवर आहे, आणि व्यवहारात ती संमती एकच माणूस देतो: ज्याच्या हाती ब्राउझर आहे तो.

खरी अडचण इथेच आहे. उघड्या पानावर बहुधा दुसऱ्याचेही काही असते. मैत्रिणीने नवऱ्याच्या छळाबद्दल लिहिलेले पत्र, भावाने कळवलेले कर्ज, रुग्णाने डॉक्टरला पाठवलेला फोटो. बटण दाबणारा आपल्या गुपितावरचा हक्क सोडू शकतो. दुसऱ्याच्या गुपितावर त्याचा हक्कच नसतो. मजलिसीत बोललेले ते अमानत, असे हदीस-परंपरा सांगते, आणि कोणी बोलता बोलता इकडेतिकडे पाहिले एवढ्यानेही ती गोष्ट विश्वासाने सांगितली गेली असे मानते. म्हणून सहायक मुळात बंद असावा आणि ज्या पानापुरता बोलावला त्याच पानापुरता यावा, हीच मांडणी या परंपरांना धरून आहे. पत्रपेटी, बँक आणि दवाखाना यांच्या पानांवर तर तो बोलावूच नये. तिथे धनी एकटा नसतो, आणि पत्र लिहिणाऱ्याला कोणी विचारलेले नसते.