वीणेचा पहारा

घोडनदीच्या काठी वसलेले शिरूर आणि भीमेच्या काठी वसलेले दौंड, या दोन तालुक्यांतील एखाद्या गावी अखंड हरिनाम सप्ताह बसला, म्हणजे देवळाच्या मंडपातील वीणा सात दिवस व सात रात्री खाली ठेवली जात नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा आणि देणारा परस्परांना वंदन करतात. आणि मध्यरात्रीनंतर ऐकावयास कोणी उरले नसले, तरी ज्याची पाळी आहे तो उभा असतो. या पाळीला गावकरी 'पहारा' म्हणतात. नाद खंडू न देणे आणि राखण करणे, या दोन कर्मांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे. त्या ऐक्यात एक तत्त्व दडलेले आहे असे मला वाटते, आणि त्याची प्रचीती मला सामुदायिक रेडिओ या एका अगदी आधुनिक विषयाचा विचार करताना आली.

9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती प. बा. सावंत यांच्या निकालपत्राने, आकाशातील रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. पुढे 2006 साली सेवाभावी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा परवाना मिळण्याची तजवीज झाली. बारामतीची 'वसुंधरा वाहिनी', म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' अशी केंद्रे आपल्या मुलखात बोलू लागली. अशा केंद्राची शक्ती साधारणतः शंभर वॅटची आणि पल्ला दहा-पंधरा किलोमीटरांचा. शिरूरच्या मनोऱ्यावरचा शब्द दौंडच्या जंक्शनापर्यंत पोहोचावयाचा नाही. प्रत्येक पंचक्रोशीने आपला आवाज आपणच उभा करावयाचा, असाच त्याचा अर्थ. परंतु उसाला रात्रीचे पाणी देणाऱ्या शेतकऱ्यासाठी अहोरात्र माणूस बसविणे अशा केंद्राला परवडत नाही. म्हणून मुलाखती, भजने, हवामानाच्या सूचना संगणकात साठवून त्यांची क्रमवारी घड्याळाशी बांधून देणारा सर्व्हर ठेवावा लागतो. 'रिव्हेंडेल', 'लिब्रटाइम' ही त्यासाठीची सॉफ्टवेअरे मुक्तस्रोत आहेत: त्यांची अंतर्गत रचना कोणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी, अशी कर्त्यांनीच मुभा दिली आहे.

पण हा सर्व्हर घुसखोरांपासून राखावाही लागतो, आणि येथे प्रश्न उभा राहतो. जे सर्वांना दान दिले, त्याला कुलूप कशाला? आणि कुलूप लावावयाचे असेल, तर ते दान खरे काय? ज्या विद्येचा दरवाजा सताड उघडा आहे, तिच्याच यंत्राभोवती तटबंदी उभारण्याचे शास्त्र शिकावे लागते, हा विरोध केवळ तांत्रिक नाही. ज्ञान आणि अधिकार यांच्या संबंधाचा तो फार जुना प्रश्न आहे.

महाराष्ट्राने तो एकदा सोडविलेला आहे. पुण्याहून शिरूरवरून अहिल्यानगरकडे जाणारी सडक पुढे ज्या नेवाशाकडे जाते, तेथे शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ संस्कृताच्या कोंदणातून काढून मराठीच्या अंगणात आणून ठेवला. ऐकण्यासाठी अधिकाराचा दाखला लागू नये, हा त्या कृतीचा आशय होता. परंतु जे सर्वांचे झाले, ते सर्वांच्या हातून उतरले जाऊ लागले आणि नकलांतून पाठ भ्रष्ट झाला. तेव्हा शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत पदरची ओवी घालू नये, अशी कठोर ताकीद दिली. एकाने द्वार उघडले आणि दुसऱ्याने राखण केली. पण एकनाथांनी ग्रंथ झाकला नाही, मिटला नाही. त्यांनी राखली ती गुप्तता नव्हे, ती शब्दाची अव्यंगता. दान आणि राखण यांचा विरोध या एका कृतीने मावळतो. वाचनाला मर्यादा नसावी. दुसऱ्याच्या नावाने बोलण्याला असावी.

तंत्रज्ञांनीही हेच सूत्र आपल्या वाटेने गाठले आहे. ऑगस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने 1883 साली असे प्रतिपादिले की, गुप्तलेखनाची सारी पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. किल्ली न जपल्यास काय होते ते पाहा: फेब्रुवारी 2013 मध्ये अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या एका दूरचित्रवाणी केंद्रावरून, प्रेते थडग्यांतून उठली आहेत, अशी आपत्कालीन सूचना कोणा घुसखोराने अकस्मात प्रसृत केली. कारण इतकेच की, यंत्रासोबत आलेला मूळचा पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. तो पासवर्ड छापलेली माहितीपुस्तिका सर्वांना खुली होती, हा दोष नव्हे. किल्ली दारातच राहिली, हा दोष. आवाज इंटरनेटवरून पोहोचविणाऱ्या 'आइसकास्ट' या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या नमुन्यात तर पासवर्ड म्हणून 'हॅक मी', म्हणजे 'मला फोडा', असेच शब्द लिहिलेले असतात; वाचणाऱ्याने ते तत्काळ बदलावेत, हा त्यातला उपदेश.

म्हणून सर्व्हरचा बंदोबस्त मी धर्मकृत्यासारखा मानतो. मूळचे पासवर्ड बदलणे. क्रमवारी लावणारा, ध्वनिफिती चढविणारा आणि यंत्राचा सर्वाधिकारी, यांची खाती निराळी ठेवून प्रत्येकाला त्याच्या कामापुरतीच सत्ता देणे. नियंत्रणाची खिडकी उघड्या इंटरनेटवर न ठेवता फायरवॉलच्या आत घेणे. सुधारणा वेळच्या वेळी बसविणे. माहितीची दुसरी प्रत निराळ्या जागी राखणे आणि ती खरोखर उघडते की नाही हे मधूनमधून पाहणे: या प्रत्येक कृतीचे मूळ एकाच जाणिवेत आहे. भीमेच्या पुराची सूचना म्हणून ज्या शब्दावर विसंबून एखादा माणूस मध्यरात्री आपली गुरे सोडील, तो शब्द केंद्राचाच असला पाहिजे. राखण यंत्राची नसते. ऐकणाऱ्याने आपल्यापाशी ठेवलेल्या विश्वासाची, त्या अमानतीची, ती असते.

तरीही शेवटचा प्रश्न उरतोच: रात्री दोन वाजता केंद्रात माणूस नसताना बोलते ते कोण? यंत्र नाद अखंड ठेवू शकते; पहाऱ्याचा एक अर्थ ते निष्ठेने पुरा करते. परंतु बोललेल्या शब्दाबद्दल उत्तर देणे ही दुसरी गोष्ट आहे, आणि ती यंत्राच्या ठायी संभवत नाही. शासनाच्या नियमानुसार प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण केंद्राने तीन महिने जपून ठेवावयाचे असते. हे दप्तर मागितले जाते ते माणसाकडे, आणि त्यावर जबाब द्यावयाचा तोही माणसानेच. कर्म यंत्राकरवी घडले, म्हणून कर्तृत्व यंत्राकडे जात नाही.

सप्ताहातील वीणेकरी पहाटे आपली पाळी संपली म्हणून वीणा खुंटीला अडकवून घरी जात नाही. दुसरा समोर येऊन उभा राहीपर्यंत ती त्याच्याच गळ्यात असते. संध्याकाळी रात्रीची यादी यंत्राच्या स्वाधीन करून केंद्राचे दार ओढून घेणाऱ्या तरुणाने एवढेच स्मरावे की, यंत्र पुढे येऊन वंदन करीत नाही. म्हणून तो घरी निजलेला असला, तरी वीणा अजून त्याच्याच गळ्यात आहे.