मेली ती कोण?

मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते ती महिनाभर चालून पंढरीला पोचते. आमच्या दिंडीच्या टेम्पोतले दिवे, माईक आणि वारकऱ्यांचे मोबाईल माझ्याकडे. गेल्या वारीत ऐन हरिपाठात बॅटरी बसली. चूक माझीच, ट्रकची जोडली होती. तिच्या पातळ प्लेटा इंजिनाला क्षणभर धक्का द्यायच्या. रात्रभर दिवा जाळणं त्यांचं काम नव्हे.

यंदा धुळ्याहून ट्युब्युलर बॅटरी आणली, १२ व्होल्ट, १५० एएच. दुकानदार म्हणाला, "भाऊ, निम्म्याखाली उतरवू नका, जास्त वर्षं चालेल." म्हणजे पैसे १५०चे आणि आपले ७५च! एकादशीचाच हिशोब हा.

जुनी त्याने वजनावर घेतली. तिचं शिसं वितळून पुन्हा कुणाच्या तरी बॅटरीत जाणार. रात्री दिंडीतल्या आप्पांना विचारलं, मग मेली ती कोण?

"आत्मा अमर आहे भो, गीता वाच."

पण शिसं आत्मा कसं? ते तर जड. चार्जला आत्मा म्हणावं, तर तो रोज येतो नि जातो. उरलं नुसतं खोकं, आणि त्यालाच आम्ही 'आपली बॅटरी' म्हणत होतो.

आप्पा सुपारी कातरत गप्प बसले. मी टर्मिनलला व्हॅसलीन लावायला उठलो.