शेळीला संत्रं लागत नाही

आंबिया बहाराची संत्री आली की नागपुरात जागोजागी सालींचे ढीग दिसू लागतात. रसाच्या गाडीमागे, चौकाच्या कोपऱ्यात, बसथांब्याच्या कडेला. सकाळच्या गारव्यात त्या ढिगापाशी एखादी शेळी उभी असते. आपण फोडी खाऊन टाकलेली साल ती सावकाश चघळत राहते.

सालीत गरापेक्षा क जीवनसत्त्व जास्त असतं. गंमत अशी, की शेळीला ते बाहेरून घ्यावंच लागत नाही. ते लागतं आपल्याला.

संत्र्याचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आम्लाचा. क जीवनसत्त्वाचं कूळ वेगळं. ते साखरेचं आम्ल. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन, यातही सहाच. शेळीच्या यकृतात ग्लुकोजचं क जीवनसत्त्वात रूपांतर रोज घडत असतं. ग्लुकोजचं एक टोक बदलतं आणि ग्लुकुरॉनिक आम्ल होतं. त्याचं पुढे गुलोनिक आम्ल होतं. तो रेणू स्वतःभोवती वळून कडं धरतो. मग शेवटचं एन्झाइम आपलं काम करतं, की क जीवनसत्त्व तयार.

या वाटेवरून आपणही चालतो. ग्लुकुरॉनिक आम्ल तर आपल्याला रोज हवं. तापावर घेतलेली पॅरासिटामॉलची गोळी, जुन्या रक्तपेशी मोडून निघालेलं पिवळं बिलिरुबिन, यांना हे आम्ल चिकटतं. मग ती पाण्यात विरघळू लागतात आणि शरीराबाहेर पडतात. नवजात बाळाच्या यकृताला हे काम लगेच नीट जमत नाही. म्हणून कित्येक बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात आणि सारं घर काळजीत पडतं.

गुलोनिक आम्लापर्यंतही आपण पोचतो. नाही ते फक्त शेवटचं एन्झाइम. त्याचा जनुक मात्र अजून आपल्यापाशी आहे. आठव्या गुणसूत्रावर, मोडलेल्या अवस्थेत. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांत तो बिघडला असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ते झाडांवर राहत, फळं-पानं खात. त्यांना काही जाणवलंही नसेल. जे रोज ताटात येतं, ते घरी बनेनासं झालं तरी लक्षात येत नाही.

पक्ष्यांतही हा भेद आहे. कोलकात्यातल्या संशोधकांनी गेल्या शतकात तो तपासला. कावळा क जीवनसत्त्व स्वतः बनवतो, लालबुड्या बुलबुल बनवत नाही. बुलबुलाची बरीचशी गुजराण फळांवर. कावळ्याला आज काय मिळेल याचा भरवसा नाही. यावरून सरसकट नियम काढणं बरोबर नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ही जोडी मनातून जात नाही.

क जीवनसत्त्वाचा शोध प्राणी आणि झाड अशा दोन वाटांनी आला. १९२८ साली केंब्रिजमध्ये आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने मूत्रपिंडावरच्या एका ग्रंथीतून तो वेगळा काढला. ग्रंथी गुरांची होती. तोच पदार्थ त्याला संत्र्यात सापडला आणि कोबीतही. साखरेचं काहीतरी आम्ल, एवढंच तेव्हा उमगलं होतं. हेच क जीवनसत्त्व, हे चार वर्षांनी कळलं. १९३७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. झाड हे आम्ल वेगळ्या मार्गाने बनवतं, गाय-बैल वेगळ्या मार्गाने. रेणू मात्र एकच.

आपल्याला त्यातलं किती लागतं? दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम मिळालं तरी स्कर्व्ही टळतो. चिमूटभरही नाही. एवढ्याशासाठी लांबच्या सफरींवर हजारो खलाशी हिरड्या सुजून, जुन्या जखमा पुन्हा उघडून मेले. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने आजाऱ्यांपैकी दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू दिलं. सहा दिवसांत फळं संपली, आणि तेवढ्यात त्यातला एक कामावर परतण्याजोगा झाला. सगळ्यांत जास्त सुधारले ते हेच दोघे. तेव्हा जीवनसत्त्व कुणाला ठाऊक नव्हतं. फळ ठाऊक होतं.

आपली ही उणीव मला उणीव वाटेनाशी झाली आहे. पूर्ण स्वावलंबी शरीर निसर्गात कुणाचंच नाही. आपल्यापुरतं हे एक काम झाडांकडे गेलं आहे, आणि काटोल-वरुडच्या संत्र्यांच्या बागा ते दरवर्षी करतात.

तेवढी एक काळजी घ्यावी. हे आम्ल नाजूक आहे. हवेने आणि आचेने ते कमी होत जातं, आणि जास्तीचं घेतलं तर लघवीवाटे निघून जातं. संत्र्याची बर्फी जरूर खावी, पण आटवताना त्यातलं बरंचसं गेलेलं असतं. फळ सोललं की लगेच खा. फोडीवरचे पांढरे धागे सोलत बसू नका. त्यांत पेक्टिन असतं, आणि तेही साखरेच्याच एका आम्लाच्या लांब साखळ्यांचं बनलेलं आहे.