लेकरांच्या पावलांनी



युरोपची सहल ठरली की घरात पहिली वही उघडली जाते ती ठिकाणांची. रोम हवे, पॅरिस हवे, स्वित्झर्लंडचा बर्फ तर हवाच. कोणीतरी म्हणते, एवढ्या लांब चाललोच आहोत तर लूर्ड्सही करून घेऊ. वही भरत जाते, दिवस मात्र तेवढेच राहतात. वरवर पाहता हा वेळापत्रकाचा प्रश्न वाटतो. पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. काहीतरी सोडावे लागणारच, तर ते कोणासाठी सोडायचे? आता आपल्या जुन्नर-आंबेगावच्या घरांतूनही अशा सहलीचे बोलणे निघते. म्हणून या प्रश्नावर थोडा विचार करू या.

समजा, नारायणगावचे किंवा मंचरचे एक कुटुंब आहे. सत्तरी ओलांडलेली आजी, आईवडील, दहावीची परीक्षा दिलेली मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. शाळा आणि शेतीची कामे सांभाळून नऊ दिवस काढता येतात. त्यांतले दोन जाण्यायेण्यात गेले, उरले सात. या सात दिवसांत पाच शहरे घातली तर चार वेळा मुक्काम हलवावा लागतो. मुक्काम हलवायचा म्हणजे बॅगा भरणे, खोली सोडणे, स्टेशन गाठणे, गाडीतला प्रवास आणि नवे हॉटेल शोधणे. यात निम्मा दिवस सहज जातो. असे चार अर्धे दिवस म्हणजे पुरते दोन दिवस झाले. पाच शहरांच्या वाट्याला मिळून पाच दिवस आले, आणि त्यांतच जेवण, रांगा आणि झोप. कागदावर पाच शहरे पाहिली जातात, पायांनी मात्र पाच स्टेशने पाहून होतात.

याची किंमत कोण भरतो? यादी करणारा सहसा भरत नाही. ती भरते आजी. तिसऱ्या दिवशी तिचे गुडघे सुजतात आणि ती म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते." आपण ते तिचे समाधान समजतो आणि पुढे निघतो. ती भरतो लहान मुलगा, जो पाचव्या दिवशी रडू लागतो आणि वर बोलणी खातो. ती भरते आई, जिला रोज रात्री पाच जणांचे कपडे पुन्हा बॅगेत बसवायचे असतात. सहल सगळ्यांच्या नावाने निघालेली असते. पण चालते ती सर्वांत जोरात चालणाऱ्याच्या वेगाने.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही आपण हलके समजू नये. ज्या घराने चार-पाच वर्षे पैसे साठवले, टोमॅटोचा आणि कांद्याचा भाव पडलेला पाहिला, त्याला ठाऊक असते की पुन्हा जाणे होईलच असे नाही. "एवढा खर्च केला आहे तर सगळे पाहून घ्यावे," असे त्या घरातील माणूस म्हणतो, तेव्हा त्याला हावरट म्हणणे अन्यायाचे होईल. ती हाव नसते, ती भीती असते. कमी पाहिले तर पैसे वाया जातील आणि मुलांचे काहीतरी राहून जाईल, ही ती भीती. ती खरी आहे, आणि म्हणूनच तिला नीट उत्तर दिले पाहिजे.

उत्तर आपल्या बाजारातच आहे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात माल नेणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही की क्रेट एका मर्यादेपर्यंतच भरायचा. जास्त कोंबले तर वजन वाढते, पण तळाचा माल दबतो आणि दबलेल्या मालामुळे वरचाही भाव जातो. सहलीचे तसेच आहे. तळाला कोण असते? आजी आणि लेकरू. त्यांना दाबून भरलेली सहल वसूल झाली असे आपण कोणत्या हिशोबाने म्हणणार? आयुष्यात एकदाच जायचे असेल तर उलट अधिक जपून भरायला हवे, कारण दबलेला माल बदलून घेण्याची दुसरी फेरी नाही.

पवित्र शास्त्रात याकोबाची एक गोष्ट आहे. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या 33व्या अध्यायात तो अनेक वर्षांनी भाऊ एसावाला भेटतो. एसावाबरोबर चारशे माणसे आहेत. तो म्हणतो, चल, आपण बरोबरच निघू. याकोब त्याला नम्रपणे सांगतो की माझी लेकरे कोवळी आहेत, कळपात दूध पाजणाऱ्या मेंढ्या आणि गाई आहेत. यांना एकच दिवस जास्त पिटाळले तर सगळा कळप मरेल. आपण पुढे व्हावे, मी गुरांच्या आणि लेकरांच्या पावलांनी सावकाश येतो. याकोब हा धूर्त माणूस होता आणि पुढे तो एसावाच्या मागोमाग गेला नाही, हेही खरे. भावाची भीती त्याच्या मनात होतीच. पण त्याने दिलेले कारण खोटे नव्हते. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरणारे धनगर आपण पाहतो. नुकती जन्मलेली कोकरे घोड्याच्या पाठीवर घेतलेली असतात आणि वाडा त्यांच्या सोयीने मुक्काम करतो. कळपाचा वेग सर्वांत दुबळे जनावर ठरवते. जो धनगर हे विसरतो त्याचा कळप राहत नाही.

आता प्रभू येशूकडे पाहू. बालपणीचा इजिप्त सोडला तर प्रभूचे सारे आयुष्य एका लहानशा प्रदेशात गेले. नाझरेथपासून यरुशलेम म्हणजे जुन्नरहून पुण्याला जाण्याच्या फार तर दीडपट वाट. उत्तरेला सोर-सीदोनच्या भागापर्यंत तो गेला, त्यापलीकडे नाही. त्या काळी जगाची राजधानी रोम होती. ज्या रोमला जाण्यासाठी आपण आज धडपडतो, तेथे प्रभूने कधी पाऊल ठेवले नाही. जगाच्या तारणासाठी आलेल्याला सगळे जग पाहून घेण्याची गरज वाटली नाही. जी माणसे समोर आली त्यांना त्याने पूर्ण वेळ दिला.

आणि वेळ दिला म्हणजे किती, हे संत मार्कच्या पाचव्या अध्यायात दिसते. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे आणि प्रभू तिच्या घराकडे निघाला आहे. याहून घाईचे काम ते कोणते? तरीही वाटेत एका आजारी स्त्रीने वस्त्राला हात लावला तेव्हा तो थांबला, वळला, तिला शोधले आणि तिचे सगळे म्हणणे ऐकून घेतले. त्या दिवसात त्या बाईसाठी जागा होती, म्हणून ती बरी होऊन आणि आशीर्वाद घेऊन गेली. ज्याचा दिवस मिनिटामिनिटाने बांधलेला असतो, त्याच्या वस्त्राला कोणी हात लावला तर त्याला फक्त अडथळा जाणवतो. सहलीत ती बाई आपल्याच घरची असते. चर्चच्या बाकावर पाच मिनिटे जास्त बसू इच्छिणारी आजी, किंवा पुलावर थांबून बोटी मोजणारे पोर.

प्रवासातून मागे काय उरते, याचीही एक साक्ष आपल्या गावाजवळ आहे. सुमारे 2000 वर्षांपूर्वी नाणेघाटाची वाट व्यापाराने गजबजलेली होती. त्या काळातल्या जुन्नरच्या लेण्यांत काही दाते स्वतःला यवन म्हणवतात. हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा. एकाचे नाव इरिल, त्याने पाण्याची दोन टाकी दान दिली. दुसरा चिट, त्याने संघासाठी भोजनमंडप दिला. त्यांनी वाटेत किती शहरे पाहिली असतील कोण जाणे. त्यांची यादी उरली नाही. जेथे ते थांबले, तेथील पाणी आणि जेवणाची जागा मात्र त्यांच्या नावाने उरली. थांबल्याशिवाय माणूस काही देऊ शकत नाही, आणि घेऊही शकत नाही.

मग आपल्या त्या कुटुंबाने काय करावे? प्रत्येकाने एकच इच्छा सांगावी, आणि सुरुवात आजीपासून करावी. समजा, आजीला संत पेत्राच्या महामंदिरात गुडघे टेकायचे आहेत, मुलाला बर्फ पाहायचा आहे, मुलीला संत फ्रान्सिसचे असिसी पाहायचे आहे. तर चार रात्री रोम आणि तीन रात्री लुसर्न, एवढे पुरे. असिसी रोमहून रेल्वेने एका दिवसात जाऊन येता येते. लुसर्नजवळ तितलिसचा बर्फ आहे, तेथे पाळण्याने वर जाता येते, आजीला चढावे लागत नाही. रोमला उतरावे आणि झुरिकहून परत निघावे, म्हणजे त्याच वाटेने मागे यावे लागत नाही. स्वित्झर्लंडही शेंगेन देशांत असल्याने एकच व्हिसा चालतो. तो ज्या देशात जास्त दिवस राहायचे त्या देशाकडे मागावा लागतो. पाहा, व्हिसाचा अर्जसुद्धा आपल्याला हेच विचारतो की तुम्ही जास्त काळ कोठे राहणार!

वहीत सर्वांत आधी रविवार लिहावा. सहलीवर असलो तरी रविवारची मिस्सा चुकवायची नाही, आणि शनिवारी संध्याकाळची मिस्साही चालते. पोप महोदय रोममध्ये असतील तर बुधवारी सकाळी सर्वसामान्यांना त्यांचे दर्शन होते, त्याचा पास मोफत असतो. दोन अर्धे दिवस वहीत कोरेच ठेवावेत. त्यावर कोणी काही लिहायचे नाही. थकवा, पाऊस किंवा आनंद, जे येईल त्याच्यासाठी ती जागा. ग्रुप टूरने जाणाऱ्यांची भाषेची आणि जेवणाची काळजी मिटते, वडीलधाऱ्यांना त्याचा आधार असतो. त्यांनी जाहिरातीतले देश मोजू नयेत, एका ठिकाणी किती रात्री आहेत ते मोजावे. आणि बॅग भरताना आठवावे की प्रभूने शिष्यांना पाठवले तेव्हा झोळीसुद्धा घेऊ दिली नाही. आपल्याला तेवढे जमणार नाही, पण आजीला स्वतः ओढता येईल एवढीच तिची बॅग असावी.

एक गोष्ट निघण्यापूर्वीची. शेतावरच्या मजुरांची मजुरी थकवून आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन केलेली सहल कितीही आटोपशीर असली तरी ती हलकी नसते. तिचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर असते. ते आधी उतरवावे. मग विसाव्याचे दिवस देवाची देणगी म्हणून निर्मळ मनाने घ्यावेत.

आपल्यापैकी बहुतेकांना युरोपला जाणे कदाचित घडणार नाही. त्यांच्यासाठीही हाच नियम आहे. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला निघालो तरी गाडीत आजी असते आणि लेकरू असते. रोजच्या घरातही कोणीतरी मागे पडलेले असते. सगळे पाहणे देवाचे काम आहे. तो एकाच वेळी सर्वत्र असतो. आपण माणसे एका वेळी एकाच ठिकाणी असतो. त्या ठिकाणी जी माणसे आपल्या हाताला धरून आहेत, त्यांच्याबरोबर पूर्णपणे असणे एवढेच आपल्याला नेमून दिले आहे. राहून गेलेल्या शहरांचा जाब देव आपल्याला विचारणार नाही. "मी इथेच बसते" म्हणणारीजवळ आपण बसलो का, हे मात्र तो नक्की विचारील.