निवडलेला चढ

स्वतःहून ओढवून घेतलेल्या कष्टांना नैतिक किंमत असते का? उपवास करणारा आणि उपाशी राहणारा यांच्या पोटात सारखीच आग पडते, पण दोघांना आपण एका मापाने मोजत नाही. पहिल्याचे कौतुक होते आणि दुसऱ्याची कीव केली जाते. हा फरक नेमका कशावर उभा आहे, हे पाहायला मनाली ते लेह हा रस्ता चांगला आहे. दर उन्हाळ्यात कितीतरी माणसे तो सायकलवर पार करतात, आणि त्याच रस्त्यावर त्याच दिवसांत आणखी काही माणसे वेगळ्या कारणाने घाम गाळत असतात.

आधी रस्ता पाहू. मनाली बियासच्या काठी, सुमारे दोन हजार मीटरवर आहे. तिथून एक्कावन्न किलोमीटर चढले की ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड येते. पलीकडे उतरले की चंद्रा नदी भेटते. तिच्या काठाने तांदीला पोहोचल्यावर तिला भागा येऊन मिळते आणि दोघींची चंद्रभागा होते. हीच पुढे चिनाब म्हणून ओळखली जाते. तांदीच्या पेट्रोलपंपानंतर पुढचा पंप तीनशे पासष्ट किलोमीटरवर आहे, असे सांगणारी पाटी तिथे प्रसिद्ध आहे. सायकलवाल्याला पेट्रोल लागत नाही, तरी ती पाटी वाचून त्याच्याही पोटात गोळा येतो. तिथून भागेच्या काठाने केलाँग, जिस्पा, दारचा आणि मग बारालाचा खिंड. चंद्रा आणि भागा या दोघी याच खिंडीच्या दोन अंगांना उगम पावतात. पुढे सरचू, मग गाटाची एकवीस वळणे, आणखी दोन खिंडी, मोरेचे लांबच लांब पठार, आणि शेवटी ५,३०० मीटरहून उंच असलेली तांगलांग खिंड. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. मग उपशीला सिंधू नदी, आणि तिच्या काठाने लेह. सगळा मिळून पावणेपाचशे किलोमीटरचा रस्ता, आणि वाटेत पाच खिंडी. बस जे अंतर दोन दिवसांत काटते, त्याला सायकलवर आठ-दहा दिवस लागतात.

मग सायकलने का जायचे? बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात खेळाची जी व्याख्या केली, ती इथे उपयोगी पडते. त्याच्या मते, गरज नसलेले अडथळे आपखुशीने ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. गोल्फमधला चेंडू हाताने उचलून खळीत टाकणे सोपे असते, पण तसे केले तर खेळ उरत नाही. या व्याख्येत सायकलस्वार चपखल बसतो. लेहला पोहोचणे हे त्याचे ध्येय असतेच, पण सोप्या मार्गाने पोहोचायचे नाही, ही अटही त्यानेच घातलेली असते.

या व्याख्येला रोहतांगने एक विलक्षण उदाहरण पुरवले आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनाली-लेह अंतर सेहेचाळीस किलोमीटरनी कमी झाले. त्याआधी लाहौलच्या माणसाला कुलू खोऱ्यात यायचे तर ही खिंडच ओलांडावी लागे. हिवाळ्यात रस्ता कित्येक महिने बंद असायचा. आजारी माणूस, बाळंतीण, परीक्षेला निघालेला मुलगा, सगळ्यांची वाट तिथे अडायची. बर्फातून पायी खिंड ओलांडताना माणसे दगावली आहेत. ‘रोहतांग’ या नावाचा अर्थच प्रेतांचा ढीग असा सांगितला जातो. बोगदा झाला आणि हा चढ लाहौलच्या माणसाच्या आयुष्यातून जवळजवळ बाजूला सरला. आज सायकल गाडीत टाकून बोगद्यातून पलीकडे जाता येते. तरीही वरूनच जाणारा सायकलस्वार सूट्सच्या व्याख्येतला गरज नसलेला अडथळा अक्षरशः निवडत असतो. डोंगर तोच, वळणेही तीच. पण पलीकडे जायला दुसरी वाट निघाली आणि संकटाचा खेळ झाला.

म्हणजे अडथळा खेळ ठरतो तो दुसरी वाट असलेल्यालाच. कष्टांचे स्वरूप त्यांच्या तीव्रतेवर ठरत नाही, ते थांबवण्याची मुभा कुणाकडे आहे यावर ठरते.

तांगलांगच्या अलीकडे, चढाच्या शेवटच्या टप्प्यात, रस्त्याच्या कामावर असलेल्या एका मजुराने मला विचारले होते, “इसका पैसा कौन देता है?” तो दुमक्याकडचा होता. तोंडाला फडके गुंडाळलेले, बाजूला डांबराचे पिंप तापत होते, धूर अंगावर येत होता. कुणीच देत नाही, असे सांगितल्यावर त्याने ते शेजारच्याला संथाळीत समजावले आणि दोघे हसले. त्यात टोमणा नव्हता. एवढ्या उंचीवर, एवढा दम लागत असताना, कुणी पैसे न देता हे कशाला करील, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता.

झारखंडच्या संथाळ परगण्यातून अनेक दशके माणसे लडाखच्या रस्त्यांवर कामाला येत आहेत. उन्हाळा लागला की यायचे, बर्फ पडायला लागला की परतायचे. सीमा सडक संघटना १९६० साली स्थापन झाली. हे रस्ते तिचे म्हणून ओळखले जातात, पण खडी फोडणारे, दरड उपसणारे, डांबर ओतणारे हात बरेचसे या हंगामी मजुरांचे आहेत. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीत लेहला अडकलेल्या साठ मजुरांना विमानाने रांचीला आणले गेले, तेव्हा देशातल्या अनेकांना पहिल्यांदा कळले की हिमालयातले रस्ते दुमक्याची माणसे बांधतात. पुढच्याच महिन्यात दुमक्याहून विशेष रेल्वेगाडी भरून मजूर पुन्हा लडाखकडे निघाले.

इथे एक आक्षेप येतो. मजूरही आपल्या मर्जीनेच येतो की. त्याला कुणी बांधून आणलेले नाही. गावापेक्षा इथे मजुरी जास्त मिळते, म्हणून तो हे काम पत्करतो. हे खरे आहे, आणि त्याला केवळ बिचारा समजणे हाही त्याचा अपमानच आहे. आपण बांधलेल्या रस्त्याचा अभिमान त्याच्याही बोलण्यात असतो. पण त्याने घरी बसणे आणि इथे येणे यांतून निवड केली, तेव्हा घरी बसण्याची किंमत उपासमार किंवा कर्ज होती. सायकलस्वार घरी राहिला असता तर त्याची फार तर रजा वाचली असती. दोघांनी निवडले हे खरे, पण ‘निवडणे’ हा शब्द दोन्हीकडे एकच वजन उचलत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. मग हे कष्ट खोटेच म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. सिमोन वेल ही फ्रेंच तत्त्वज्ञ १९३४-३५ मध्ये शिक्षिकेच्या नोकरीतून रजा घेऊन पॅरिसच्या कारखान्यांत कामगार म्हणून राबली. तिला परतीची वाट होती, आणि शेजारच्या यंत्रावरच्या बाईला ती नव्हती. तरी तिथला थकवा विचार करण्याची ताकदच कशी संपवतो, हे तिला अंगावर घेतल्याशिवाय कळले नसते. निवडलेले कष्ट दुसऱ्याच्या कष्टांची बरोबरी करू शकत नाहीत, पण त्यांच्या जवळ नेऊन उभे करू शकतात. मोटारीतून जाणाऱ्याला रस्त्यावरची टोळी चार-पाच सेकंद दिसते. सायकलवर चढणाऱ्याला तिच्या बाजूने जायला दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढ्यात नजरानजर होते, बोलणे होते, कुणी पाणी देऊ करतो. ही मंदगती म्हणजे पुण्य नव्हे, पण एक संधी नक्कीच आहे.

तिचे काय करायचे, यासाठी मला पंढरीची वाट आठवते. भीमा पंढरपूरला चंद्रकोरीसारखी वळते आणि चंद्रभागा होते. नावापलीकडे लाहौलच्या नदीशी तिचा संबंध नाही. पण तिच्याकडे जाणारी वारीदेखील आपखुशीने पत्करलेले कष्टच आहेत, आणि वारीने त्या कष्टांना एक रीत लावून दिली आहे. वारकरी भेटेल त्याला माउली म्हणतो. चहा देणारा माउली, पायाला तेल लावणारा माउली, बंदोबस्तावरचा शिपाईही माउली. वयाने मोठा माणूस धाकट्याच्या पाया पडतो. चालण्याने अहंकार वाढू नये, याची तजवीज चालण्यातच केलेली आहे.

सायकलच्या घाटवाटांना अशी रीत अजून लागलेली नाही. आपली भाषाच पाहा. खिंड चढून आल्यावर आपण ती ‘सर केली’ म्हणतो, जणू किल्ला घेतला. मराठीत दुसराही एक वाक्प्रचार आहे, ‘खिंड लढवणे’. बाजीप्रभूंमुळे त्याला जो अर्थ आहे तो असा की, दुसऱ्याला सुखरूप पुढे जाता यावे म्हणून आपण मागे, आपल्या जागी उभे राहायचे. बारालाचा आणि तांगलांग दरवर्षी बर्फातून मोकळ्या करणाऱ्यांच्या कामाला हाच शब्द लागू पडतो.

म्हणून मला वाटते, निवडलेल्या कष्टांची नैतिक किंमत ते भोगण्यात नसते, त्यानंतरच्या वागण्यात असते. थांबण्याची मुभा हा आपला फायदा आहे, तर ती थांबण्यासाठीच वापरावी: टोळीपाशी उतरावे, नाव-गाव विचारावे, विचारल्याशिवाय फोटो काढू नये. परतल्यावर प्रवासाची हकिगत सांगताना उंचीचे आकडे जरूर सांगावेत, पण रस्ता कुणी केला हेही सांगावे. आणि या मजुरांची मजुरी, विमा, राहण्याची सोय यांचा प्रश्न कुठे निघाला, तर तो परक्याचा समजू नये. तो रस्ता आपण अंगाने ओळखतो. त्यातला प्रत्येक खड्डा आपल्या मनगटांना लागलेला असतो आणि प्रत्येक गुळगुळीत तुकड्यावर आपण मनातल्या मनात कुणाचे तरी आभार मानलेले असतात. ते आभार तोंडाने मानायला, ज्याचे मानायचे तो माणूस बहुधा पुढच्याच वळणावर काम करत असतो.