मळणीच्या वेळी पेरणाऱ्याची आठवण

खिशातील मोबाईल फोन हे केवळ एखाद्या कंपनीच्या कल्पकतेचे फळ आहे, असे आपण सहज मानतो. परंतु इंटरनेटचा पूर्वज असलेले आर्पानेट १९६९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या खर्चाने सुरू झाले. जीपीएसचा पहिला उपग्रहही १९७८ साली त्याच खात्याने सोडला. वर्ल्ड वाइड वेब अनेक राष्ट्रांच्या पैशावर चालणाऱ्या सर्न या संस्थेत जन्मले व १९९३ साली सर्वांस विनामूल्य खुले झाले.

म्हणजे आरंभीची जोखीम करदात्यांनी उचलली. उद्योजकाच्या धाडसाला नफा मिळावा, हे न्याय्यच आहे. परंतु जो सार्वजनिक पेरणीवर पीक घेतो, त्याने कर चुकवण्याच्या वाटा शोधाव्यात काय? त्याच्यापुरता तरी कर ही खंडणी नव्हे, ऋणाची परतफेड होय. आणि तो फोन वापरणारे आपणही त्या ऋणातून मुक्त नाही.