गुडघा, नेम आणि धीर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपल्या देवळात सप्ताहाला भिंतीलगत मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दरवर्षी दोन-चारने वाढतात, हे नेमाने येणाऱ्यांच्या लक्षात आलेच असेल. यंदा त्यातली एक माझी. श्रावणात उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. लोक म्हणतात 'वाटी बदलली'. खरे तर मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके तासून त्यांवर धातू बसवतात, मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती ठेवतात.

ऑपरेशनचे फार काही सांगण्यासारखे नाही. ते दीड-दोन तासांत उरकते, एक-दोन दिवसांत वॉकर धरून उभे करतात, पंधरा दिवसांत टाके निघतात. तोवर येणारे-जाणारे शहाळी घेऊन येतात, घर भरलेले असते. खरी परीक्षा पुढे. सूज महिनोन्महिने उतरत नाही, रात्री गुडघा गरम लागतो, कूस बदलताना जीव जातो, आणि जखमेच्या बाहेरच्या अंगाची कातडी आपली नसल्यासारखी बधिर राहते. पुरते सावरायला वर्षही लागते. डॉक्टर हे आधीच सांगतात. पण 'वर्ष' हा शब्द कानाने ऐकणे वेगळे आणि रात्री अडीच वाजता घड्याळाकडे बघत तो भोगणे वेगळे.

अशा वेळी आपण म्हणतो, महाराज, धीर द्या. आता धीर म्हणजे नक्की काय मागतो आपण? गप्प पडून राहण्याची ताकद?

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. खाटेवर पडलेल्या माणसाला त्यातला अजगर पहिला आठवतो. मिळेल ते खायचे, नाही मिळाले तर तसेच पडून राहायचे, धावाधाव नाही. सोयीचा गुरू! पण गुडघ्याला तो चालत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पाय वाकवला नाही, तर आतली जखम भरता भरता सांधा आखडतो आणि मग वाकता वाकत नाही. गुडघ्याखाली उशी घेतली की किती बरे वाटते! तीच उशी घेऊ नका म्हणतात, कारण मग पाय सरळ होत नाही. उशी टाचेखाली हवी, दुखले तरी. म्हणजे आराम आणि धीर या दोन गोष्टी एक नव्हेत.

माझ्या मते या कामाचा गुरू बाण करणारा कारागीर. समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याचे लक्ष बाणावरून हलले नाही. टाच गादीवरून आपल्याकडे ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. दहा वेळा, दिवसातून तीनदा. ह्यात मन लावणे मला तरी माळ ओढण्यापेक्षा अवघड गेले. माळेचा मणी दुखत नाही हो.

दुसरा गुरू त्या कुमारिकेचा. पाहुणे आले म्हणून ती आत भात कांडत होती. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या म्हणून एकेक काढत तिने हातात एकच ठेवली, तेव्हा आवाज थांबला. माझ्या बरोबरीचे एक स्नेही तिसऱ्या आठवड्यात जिना चढले म्हणे. कुणाची मेहुणी दोन महिन्यांत काठी टाकून बाजारात. फोनवर हे ऐकले की आमच्या घरात दोन बांगड्या वाजायला लागायच्या. वय वेगळे, हाड वेगळे, आधी किती वर्षे पाय वाकडा टाकत चाललो ते वेगळे. शेवटी सौ.ने फोन आपल्याकडे घेतला, तेव्हा जरा शांत झाले.

पण सगळ्यात जड जाते ते दुखणे नव्हे. सून पायात मोजा चढवायला खाली वाकते ना, ते जड जाते. जन्मभर आपण दुसऱ्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि त्यात धन्यता मानली. आता तो आपल्या हाती कुणी दिला, की मान खाली जाते. असे का व्हावे? मी पुष्कळ विचार केला. देताना आपण म्हणतो ती सेवा, आणि घेताना म्हणतो ते ओझे. मग त्या देण्यातही थोडा मोठेपणाच होता की काय, अशी शंका येते.

आणि आपण भजतो कुणाला? झोळीवाल्याला. आपली श्रद्धा आहे की महाराज रोज माध्यान्ही कोल्हापुरात भिक्षेला येतात. त्रैलोक्याचा धनी दारात उभा राहून मागतो, ह्याचे आपल्याला कौतुक. आणि सुनेने मोजा चढवला तर अपमान! मागणारा लहान होत नाही हे आपण आरतीपुरते मानतो की काय? अवधूताने बाळालाही गुरू केले आहे, मानापमान नसलेला म्हणून. मला अजून ते साधलेले नाही. एवढेच, की 'राहू दे गं' म्हणायचे सोडून 'जरा घट्ट झाला, सैल कर' म्हणतो. तिलाही त्यात मोकळे वाटते असे दिसते.

राहिला नेम. गुरुचरित्राच्या सप्ताहात एका आसनावर बसावे, रात्री देवासमोर चटईवर निजावे, अशी आपली रीत. जमिनीवर मांडी घालू नका असे मला कायमचेच सांगितले आहे. म्हणजे पारायण सोडायचे? मला ते पटत नाही. आसन सांगितले ते चित्त स्थिर व्हावे म्हणून. दुखऱ्या गुडघ्याने मांडी घातली तर चित्त पोथीत राहील की गुडघ्यात? खुर्चीवर धाबळी अंथरली, पोथी पाटासह टेबलावर घेतली. चटई मात्र सुटली, आणि साष्टांग नमस्कारही. वाडीला पायऱ्या उतरून पादुकांसमोर लोटांगण घालायचो, ते आता ह्या देही नाही. 'मनाने घाला' असे लोक सांगतात. बरोबर आहे त्यांचे. तरी कपाळाला लागणारा तो दगडाचा गारवा मनाने लागत नाही, आणि त्याचे वाईट वाटते म्हणून भक्ती कमी पडली असेही मी मानत नाही.

इथे मात्र अजगर उपयोगी पडतो. व्यायाम माझ्याकडे, पाय किती वाकेल ते माझ्याकडे नाही. काटकोनाच्या जरा पुढे आला आहे. आणखी येईल, न येईल.

सध्या पारायण चालू आहे. एक अध्याय झाला की पोथी मिटून तिथेच दहा वेळा पाय लांब करतो, जवळ घेतो. शेजारच्या खुर्चीवरच्या आजी पहिल्या दिवशी चमकून बघत होत्या. काल त्यांनीही चप्पल बाजूला सारून सुरू केले.